तबकडीमागच्या बाया

रीना शहारे कधी हसत नाही, असं सडक अर्जुनीच्या कॉलेजात सगळे म्हणायचे. ते खरं नव्हतं. ती हसायची. पण हसून झालं की आपण कशाला हसलो याचा विचार करत बसायची, आणि तो विचार समोरच्याला सविस्तर सांगायची. त्यामुळे तिच्यासमोर विनोद सांगायला कोणी धजत नसे. तिचा नवरा संघदीप वीज खात्यात लाइनमन होता. त्यानं लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिला हात जोडून सांगितलं होतं, की बाई, जेवताना मला एखादी गंमत सांगितलीस तर पोळी संपेपर्यंत तिचा अर्थ सांगू नकोस.

रीना मराठी शिकवायची. तासिका तत्त्वावर, म्हणजे दरवर्षी नव्यानं नेमणूक आणि दरवर्षी नव्यानं धाकधूक. कायम व्हायचं तर पीएचडी हवी, म्हणून ती विषय शोधत होती. विषय तिला वर्गातच सापडला. मागच्या बाकावरची पोरं मोबाईलमध्ये तोंड घालून खिदळत होती. तिनं मोबाईल ओढून घेतला आणि रागवायच्या आधी सवयीनं वाचलं. चित्रात चिखलानं भरलेली धानाची बांधी होती. तिच्यात एक उडती तबकडी अर्धी रुतलेली. शेजारी मोठ्या डोळ्यांचा हिरवा परग्रहवासी कमरेवर हात ठेवून उभा. खाली लिहिलं होतं, ‘भाऊ, ट्रॅक्टर धाडा जी, गाडी गाऱ्यात फसून राहिली.’

रीना वर्गासमोर मोठ्यानं हसली. पोरं चकित झाली. मग ती विचारात पडली. दुसऱ्या ग्रहावरून आलेला माणूस आपली झाडीबोली बोलतो, पण आपल्या पाठ्यपुस्तकात ती कोणीच बोलत नाही. जगातल्या सगळ्या तबकड्या मोठमोठ्या शहरांवर उतरतात, आपल्याकडची मात्र गाऱ्यात फसते. आपल्याला भविष्यकाळाची कल्पना करायला सांगितली तर आपण आधी चिखल काढतो, तो का? ही मीम कोणी बनवली, कोणासाठी, आणि हिच्यात कोण कोणाला हसतं आहे? त्या दिवशी धडा राहिला तो राहिलाच.

विषय ठरला : गोंदिया जिल्ह्यातल्या समाजमाध्यमांवरच्या विज्ञानकथात्मक मीम्सचा सांस्कृतिक अभ्यास. आणि तिथून तिच्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो काही थांबला नाही.

मार्गदर्शक होते गोंदियाचे डॉक्टर रहांगडाले. माणूस सज्जन, उभी हयात लोकगीतांवर काम केलेला. पण मीम म्हणजे काय हे त्यांना दर भेटीत पहिल्यापासून सांगावं लागे. ते चष्मा कपाळावर चढवून मोबाईल हातभर लांब धरत आणि विचारत, “हे छापतं कोण?” कोणी छापत नाही सर, हे फिरतं, असं रीना म्हणे. “मग आवृत्ती कोणती धरायची?” असं ते विचारत. प्रश्न चुकीचा नव्हता, पण दर महिन्याला तोच होता. तिनं सरळ लिहिलं की या चित्रात परग्रहवासी म्हणजे शहरातून आलेला साहेब आहे, तर ते त्यावर लाल शाईनं लिहीत, ‘सत्तासंबंधांच्या परिप्रेक्ष्यात मांडा.’ परिप्रेक्ष्यात मांडलं की पुढच्या भेटीत त्यांना स्वतःलाच ते कळत नसे आणि ते म्हणत, जरा सोपं करा.

बाहेर तर विचारूच नका. नात्यातल्या एका लग्नात संघदीपच्या आत्यानं सगळ्या बायकांना सांगितलं, “आमची सून मोबाईल पाहूपाहू डॉक्टर होऊन राहिली.” विद्यार्थी तिला दिवसभर मीम पाठवायचे, बहुतेकांत ना विज्ञान ना कथा, नुसती नवरा-बायकोची भांडणं. आणि प्राध्यापकांच्या खोलीत एकच वाक्य ठरलेलं, की मॅडम, गंमत आहे ती, गमतीत काय एवढं पाहायचं. या वाक्याचा रीनाला सगळ्यात जास्त वैताग यायचा. गंमत आहे म्हणूनच पाहायचं, हे ती सांगायची. पण तोवर चहा आलेला असायचा.

तिनं बहुतेक चित्रं एकाच पेजवरून घेतली होती. त्याचं नाव ‘झाडीपट्टी तबकडी’. कोण चालवतं ते ठाऊक नव्हतं, पण जिल्हाभर पोरं ते बघायची. दिवाळीच्या सुट्टीत रीनानं त्यातली चित्रं छापून घरातल्या पलंगावर मांडली. हिरवा माणूस आणि डोक्याला दुपट्टा बांधलेला शेतकरी बोलताहेत. सन बावीसशेतून आलेला पाहुणा कालयंत्राचं दार उघडून खाली उतरतो आहे. यंत्रमानव पाटलाला चहा देतो आहे आणि म्हणतो आहे, ‘साखर कमी टाकली जी.’ ती एकेक चित्र उचलत होती आणि ठेवत होती. आणि मग तिला दिसलं.

सगळ्या चित्रांमागं शेत एकच होतं. एकच फोटो पुन्हापुन्हा वापरलेला. त्यात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालला होता. पोटऱ्यांपर्यंत गाऱ्यात उतरलेल्या बायांची एक रांग, डोक्यावर पावसासाठी प्लास्टिकच्या घोंग्या, सगळ्या वाकलेल्या, सगळ्यांच्या पाठी आपल्याकडे. चेहरा एकीचाही नाही. पुढं तबकडी येते, कालयंत्र येतं, यंत्रमानव चहा देतो, आणि मागं त्या वाकलेल्याच. सन बावीसशे उजाडलं तरी वाकलेल्याच.

रीना पलंगाच्या कडेवर बसली. तिची आई अशीच दुसऱ्यांच्या बांधीत रोवायला जायची. लहानगी रीना बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर बसून रांगेतली आपली आई कोणती हे पाठीवरून ओळखायची. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. संघदीप आत आला, तेव्हा ती चित्रांकडे बोट दाखवून म्हणाली, की भविष्यात सगळं बदललंय, या बाया तेवढ्या वाकलेल्या राहिल्यात. या वेळी त्यानं अर्थ सांगू नको म्हटलं नाही. तोही वाकून एकेक चित्र बघत राहिला.

या एका गोष्टीवर तिनं आख्खं प्रकरण लिहिलं. मग गोंदियाला एका चर्चासत्रात ते वाचायची संधी आली. पडद्यावर तिनं चित्रं एकामागून एक दाखवली आणि दर वेळी मागच्या रांगेकडे बोट करून विचारलं, “मागं वाकलेल्या बाया कोण आहेत?” सभागृहातली माणसं माना पुढं काढून पडद्याकडे बघत होती. तिला वाटलं, पोचलं. बसमध्ये परत येताना तिला कधी नव्हे ते हलकं हलकं वाटत होतं.

ते वाटणं आठवडाभरही टिकलं नाही. कोणीतरी मोबाईलवर ते भाषण टिपलं होतं. पुढच्याच आठवड्यात ‘झाडीपट्टी तबकडी’वर नवीन चित्र आलं. तबकडीच्या दारात रीना उभी, डोक्याला दोन हिरवी शिंगं, बोट वर केलेलं, तोंड उघडं. खाली, ‘मॅडम मंगळावरून आल्या अना विचारून राहिल्या, मागं वाकलेल्या बाया कोण आहेत?’

आजवर त्या पेजवरचं कोणतंच चित्र एवढं फिरलं नव्हतं. बसमध्ये कंडक्टरनं तिकीट देताना तोंडावर हात ठेवला. चौकातल्या टपरीवर कोणाची तरी मोटारसायकल कलली, तर पोरं ओरडली, मागं वाकलेली गाडी कोणाची आहे? संघदीप वादळानं झुकलेला खांब सरळ करायला गेला, तर त्याच्याच सहकाऱ्यानं खालून विचारलं, मागं वाकलेला खांब कोण आहे? प्राचार्यांनी तिला बोलावून समजुतीच्या सुरात सांगितलं, की संस्थेची प्रतिष्ठा असते, विषय जरा गंभीर घेतला असता तर बरं झालं असतं. विषय गंभीरच आहे, असं ती म्हणाली. प्राचार्य म्हणाले, तेच तर मी म्हणतोय.

लोक हसले याचा तिला राग नव्हता. आख्ख्या तालुक्याच्या तोंडी तिचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर द्यावं असं एकालाही वाटत नव्हतं, हा राग होता. ज्यावर आपण एवढं लिहिलं त्याच यंत्रानं आपल्याला गिळलं, आणि ते कसं गिळतं हेही आपल्यालाच ठाऊक, म्हणजे चिडायलाही जागा नाही. तिनं वर्गात सरळ विचारलं, हे पेज चालवतो कोण? पोरांनी आधी आढेवेढे घेतले, मग सांगितलं. तिचाच जुना विद्यार्थी, भुपेंद्र बिसेन. हायवेवर ढाब्यांच्या रांगेपलीकडे त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं.

ती कॉलेज सुटल्यावर थेट तिथं गेली. भुपेंद्र एका मोबाईलचं पोट उघडून बसला होता. तिला पाहून उभा राहिला, खुर्ची पुसली, चहा सांगितला. घाबरला होता, पण चेहऱ्यावर थोडी ऐटही होती. म्हणाला, “मॅडम, पण तुमचं नाव झालं ना जी. नागपूर, रायपूरवरून लोक शेअर करून राहिले.”

रीनानं स्वतःच्या चित्राचं नावही काढलं नाही. तिनं त्याला विचारलं, की परग्रहवासी नेहमी शेतमालकाशीच का बोलतो, बायांशी का नाही? तो म्हणाला, असा काही विचारच केला नव्हता. कालयंत्रातून बाई का उतरत नाही? तसाही विचार केला नव्हता. प्रत्येक प्रश्नाला तो मनापासून तेच उत्तर देत होता आणि रीनाच्या कानशिलं तापत होती. तिकडे सरांना प्रत्येक रेघेत सिद्धान्त हवा आणि इकडे याला कशातच काही दिसत नाही. दोघांच्या मध्ये आपलं भरीत होऊन राहिलंय, असं तिला वाटलं. ट्रक धडधडत जात होते, त्यांच्या आवाजावर आवाज चढवून तिनं शेवटचं विचारलं, की मागचा तो फोटो कुठून उचललास?

“उचलला नाही, मीच काढला,” भुपेंद्र जरा दुखावून म्हणाला. सौंदडच्या पुढं, पावसाळ्यात, गाडी रस्त्याच्या कडेला लावून. हिरवंगार दिसत होतं म्हणून.

“बाया कोण होत्या?”

“आता काय माहीत मॅडम. बाया होत्या.”

 रीनानं खुर्ची दुकानाच्या मधोमध सरकवली आणि बसून राहिली. चहा संपला, गिऱ्हाईकं आली, तिला वळसा घालून गेली. भुपेंद्रनं दोन-तीनदा विचारलं, की मॅडम, आणखी काही? ती म्हणाली, ते शेत मला दाखव. तू हो म्हणेपर्यंत मी इथंच बसते. त्यानं खूप वेळ डोकं खाजवलं आणि रविवारचं कबूल केलं.

रविवारी तो मोटारसायकलवर पुढं आणि ती स्कूटीवर मागं. धान कापून झालं होतं, बांध्या कोरड्या पडल्या होत्या. त्या शेताजवळच्या गावात त्यांनी मोबाईलमधला फोटो दाखवत विचारपूस सुरू केली. पाठीवरून कोण सांगणार, असं भुपेंद्र म्हणत होता, पण गावात कोणालाच तो प्रश्न पडला नाही. किराण्याच्या दुकानातल्या बाईनं एक नजर टाकली आणि रांगेतल्या तिसऱ्या पाठीवर बोट ठेवलं : ही मंदाबाई.

मंदाबाई घरापुढं धान वाळत घालत होती. साठीच्या आसपासची, काटक, आवाजानं मोठी. तिनं मोबाईल हातात घेतला, उन्हाकडे पाठ केली आणि बारीक डोळ्यांनी पाहिलं. “हे मीच होय,” ती म्हणाली. “हा सदरा माह्या बुढ्याचा. रोवण्याले तो मीच घालतो.” मग तिचं लक्ष पुढच्या हिरव्या माणसाकडे गेलं आणि हा कोण, असं तिनं विचारलं.

रीनानं सांगितलं. सगळंच सांगितलं. दुसरा ग्रह, उडती तबकडी, सन बावीसशे. लोक जग कसं बदलेल याची चित्रं काढतात, आणि त्या चित्रांत सगळं बदलतं, तुम्ही तेवढ्या वाकलेल्या राहता, चेहरा नसलेल्या. रांगेतली कोणी भेटली तर विचारायचे प्रश्न तिनं आठवडाभर तयार केले होते. हे पाहून तुम्हाला काय वाटतं? राग येतो? अपमान वाटतो? ती उत्तराची वाट बघत उभी राहिली.

मंदाबाई मात्र भुपेंद्रकडे वळली. “तू फोटो काढून राहिला होता, तं हाक काऊन नाही मारली? मी पलटलो असतो.”

भुपेंद्र गडबडला. पाऊस होता, घाई होती, असं काहीसं म्हणाला.

“आता काढ,” मंदाबाई म्हणाली. “तोंड दिसलं पाहिजे.” आणि ती आत गेली.

ती बाहेर येईना. रीना आणि भुपेंद्र अंगणात धानाच्या कडेला ताटकळत उभे राहिले. कोंबड्या धानात शिरत होत्या आणि त्या हाकलायचं काम आपोआप पीएचडीच्या विद्यार्थिनीकडे आलं. अखेर मंदाबाई ठेवणीतलं लाल लुगडं नेसून, केस विंचरून, कुंकू लावून बाहेर आली. पहिला फोटो तिला पसंत पडला नाही, दात दिसत होते. दुसऱ्यात दात दिसत नव्हते तर म्हातारी दिसत होती. भुपेंद्र घामाघूम झाला. रीनानं अधूनमधून आपले प्रश्न पुढं सरकवून पाहिले, पण मंदाबाई म्हणाली, बाई, तुमी जरा तिकडं व्हा, सावली पडून राहिली.

चित्रात काय करायचं हेही मंदाबाईनंच ठरवलं. तिला तबकडीत बसायचं होतं, आणि खिडकीशी. आणि त्या हिरव्याला बांधीत उतरवायचं होतं. खाली काय लिहायचं असं भुपेंद्रनं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “लिही, रांग सरळ धर बाप्पा, मी वरतून पाहून राहिलो.”

भुपेंद्र पहिल्यांदा मोकळा हसला. रीनाही हसली, आणि आपण का हसलो हे तिनं कोणालाच सांगितलं नाही.

परतताना तिची चिडचिड मात्र चालूच होती. तिच्या वह्यांत प्रतिनिधित्व, दृष्टी, अदृश्यता असे केवढे शब्द होते, आणि बाईला हवा होता एक चांगला फोटो. हे दोन्ही एकच आहे, असं म्हणून टाकायचा मोह तिला झाला. पण असं पटकन एकच करून टाकणं हाच तर सगळ्यांचा रोग आहे, असं म्हणून तिनं तो आवरला.

चित्र छान झालं होतं. लाल लुगड्यातली मंदाबाई तबकडीच्या गोल खिडकीतून रोखून बघते आहे आणि खाली हिरवा परग्रहवासी हातात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, घेऊन वाकला आहे. भुपेंद्रनं ते सोमवारी टाकलं. रीना दर तासानंतर मोबाईल उघडून बघत होती. चित्र आपटलं. पार आपटलं. जिल्हाभर हसणारी माणसं याला हसली नाहीत. ही बाई कोण, असं कोणी विचारलं. भाऊ, मॅडमवालं टाक, असं कोणी लिहिलं. एकानं फारच घाण लिहिलं, ते भुपेंद्रनं लगेच काढून टाकलं. आणि कितीतरी जणांनी लिहिलं, की यार, मागचा फोटो काऊन बदलला, तो रोवण्यावाला मस्त होता.

हे शेवटचं वाचून रीना खुर्चीतून उठली. त्या बाया कोण हे वर्षभर कोणी विचारलं नव्हतं, पण त्या नाहीशा झाल्या तर चित्र चुकल्यासारखं वाटत होतं. तिला हवा होता तो पुरावा हाच होता, आणि तो मंदाबाईच्या फजितीच्या रूपानं आला होता. तिला आनंदही नीट करता येईना. भुपेंद्रनं फोन केला. “चालली नाही मॅडम,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात धंद्याचा नव्हे, खरा राग होता. “बुढी एवढी जबरदस्त दिसून राहिली, तरी चालली नाही.” ज्याला कशातच काही दिसत नव्हतं तो त्या दिवशी बराच वेळ बोलत राहिला, की लोक असे का. या वेळी गप्प बसून ऐकायची पाळी रीनाची होती.

हे सगळं तिनं प्रकरणात घातलं. रहांगडाले सरांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, की एक चित्र म्हणजे नमुना नव्हे, शिवाय ते तुम्ही स्वतः घडवून आणलंत, संशोधकानं असं करू नये, परिशिष्टात टाका. आजवर सर म्हणतील तसं ती मांडत आली होती, सोपं करत आली होती, अवघड करत आली होती. या वेळी ती म्हणाली, “सर, ही बाई परिशिष्टात जाणार नाही.” आवाज तिनं चढवला नव्हता. सरांनी तिच्याकडे बघितलं, मग पानाकडे. स्वतःच्या तरुणपणी गावोगाव फिरून ज्यांच्याकडून गाणी लिहून घेतली, त्या म्हाताऱ्या त्यांना आठवल्या की काय कोण जाणे. त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, मग निदान तळटीप नीट द्या.

प्रबंध गेला. परीक्षकांकडून तो कधी परत येईल हे कोणीच सांगत नव्हतं, आणि कॉलेजात नेमणुकीची नवी धाकधूक सुरू झाली होती. मॅडमच्या शिंगांचा फोटो अजून फिरत होता. मंदाबाईचा फोन मात्र दर आठवड्याला यायचा. किती लोकांनी पायलं, असं ती विचारायची. रीनानं आधी गोल गोल उत्तरं दिली, मग एक दिवस कंटाळून खरं सांगून टाकलं, की मावशी, फारसं कोणी पाहिलं नाही. लोकांना तुम्ही मागंच बऱ्या वाटता.

सांगितलं आणि लगेच रीनाला वाटलं, आपण बोलायला नको होतं.

“एकटीच होतो म्हणून,” मंदाबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी भर दुपारी, रीना परीक्षेच्या वर्गावर असताना शिपाई सांगायला आला, की मॅडम, बाहेर चार बाया आल्यात, जात नाहीत. फाटकाशी मंदाबाई होती आणि तिच्यासोबत फोटोतल्या रांगेतल्या आणखी तिघी, सगळ्या ठेवणीतल्या लुगड्यांत. एकीनं नथ घातली होती. भुपेंद्रला त्यांनी येतायेताच दुकानातून उठवून आणलं होतं. तो कसनुसा हसत उभा होता. रीनानं सांगितलं, की पेपर सुटेपर्यंत थांबावं लागेल. त्या म्हणाल्या, थांबतो. पेपर सुटला. पोरं बाहेर आली आणि कडं करून उभी राहिली. तबकडीच्या खिडकीशी कोणी बसायचं यावरून बायांचं तोवर चांगलंच जुंपलं होतं, आणि प्राचार्य वरच्या गॅलरीतून वाकून विचारत होते, की मॅडम, हे काय चाललंय?

रीनानं वर पाहिलं. उत्तर लांबलचक होतं आणि तिला ते सगळं येत होतं. पण आधी तिनं नथवालीला एक पाऊल पुढं घेतलं, कारण तिचा चेहरा मंदाबाईच्या मागं झाकला जात होता.